कागदावरचा पगार

"पेढे द्या मॅडम, पेढे. तुम्ही आता गरीब राह्यल्या नाई."

कामगार विम्याच्या दवाखान्यातला खिडकीमागचा माणूस मला हे म्हणाला. हळू नाही म्हणाला. माझ्या मागं रांग होती, ती हसली. एक बाई वाकून माझ्या चपलांकडे पाहायला लागली. चपला नव्या होत्या. का घातल्या असं वाटून गेलं.

माझ्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. हृदयाची एक झडप आखडली आहे. मांडीच्या नसेतून फुगा घालून ती उघडायची, नागपूरला. डॉक्टर म्हणाले होते, "लांबवू नका. लग्न, मूल, जे काय करायचं ते याच्या नंतर." मी म्हटलं होतं, कार्ड आहे ना सर माझ्याकडे. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. आमच्या ढिवर मोहल्ल्यात विम्याचं कार्ड असलेली मी एकटीच.

"कार्ड बंद दाखवून राह्यलं," खिडकीतला म्हणाला. "तुमचा पगार लाइनच्या वर गेला."

"कोणत्या लाइनच्या?"

"असते एक लाइन. पगार तिच्या खाली असला त विमा. वर गेला त आपलं आपण पाहाचं."

"पण भाऊ, माझ्या हाती तेवढा पगार पडतच नाही."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. चष्मा पाहिला, पर्स पाहिली. म्हणाला, "शिकेल दिसता. खोटं बोलाचं त जरा सुधरून बोला." आणि माझी चिठ्ठी दोन बोटांनी बाहेर सारली. "चला, नेक्स्ट."

मी खोटं बोलत नव्हते. पण खरं काय ते सांगूही शकत नव्हते. कारण रांगेत माझ्या कामावरचे, कोळशाच्या रेल्वे सायडिंगवरचे दोघं उभे होते, आणि खरं जे होतं ते आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नसे.

ते आता लिहिते.

भद्रावतीकडच्या एका सायडिंगवर मी कोळशाचे नमुने घ्यायचं काम करत होते. मालगाडी लागली की डब्यावर चढायचं. ठरलेल्या जागी खणून कोळसा काढायचा. खाली आणून फोडायचा, ढीग लावायचा, ढिगाचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन फेकायचे. परत ढीग, परत चार भाग. असं करत करत गाडीभर कोळशाचा मूठभर नमुना उरतो, तो पिशवीत बंद करून लॅबला. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. माझ्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या परीक्षेलाही बसलं नव्हतं. ठेकेदाराच्या कागदावर मी 'असिस्टंट केमिस्ट' होते. हातात मात्र फावडं आणि हातोडा.

फावड्याची लाज मला कधी वाटली नाही. आमच्या घरी हात चालवल्याशिवाय कोणी जेवलेलं नाही. बाबा तळ्यात जाळं टाकतात, शिंगाडा लावतात. माय डोक्यावर टोपलं घेऊन पोंभुर्ण्याच्या बाजारात मासोळी विकते. मीही लहानपणी गुडघाभर पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडलेले आहेत. एका वर्षी ताप आला, सगळे सांधे धरले, महिनाभर उठता आलं नाही. ती झडप तेव्हाचीच, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा कोण सांगणार? ताप उतरला, मी शाळेत गेले, विषय संपला.

नवं टेंडर निघालं आणि सायडिंगवर नवा ठेकेदार आला. त्यानं पगार वाढवला. पगाराची स्लिप हातात पडली तेव्हा आम्ही सगळे ती परत परत वाचत होतो. मी तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मायला वाचता येत नाही, भावानं वाचून दाखवली. तिनं मोहल्ल्यात साखर वाटली. मामानं त्याच दिवशी फोन केला, मोटरसायकलसाठी थोडी मदत कर म्हणून.

पगार बँकेत जमा झाला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम गेटबाहेरच्या चहाच्या टपरीमागं उभा होता. एकेक जण एटीएमवर जाऊन यायचा, टपरीमागं जायचा, मुकादमाला नोटा देऊन बाहेर यायचा. याला आमच्याकडे वापसी म्हणतात. पहिल्या ठेकेदाराकडेही होती, पण थोडी. नव्या ठेकेदारानं जेवढं वाढवलं होतं तेवढं सगळं, आणि वरून आणखी थोडं, वापस मागितलं. टेंडरमध्ये पगाराचा जो दर भरला होता तो कागदावर दिसला पाहिजे म्हणून बँकेत टाकायचा. आणि कागदावर पगार रेषेच्या वर गेला की कामगाराच्या विम्यात ठेकेदाराला स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. त्याचा दोन्हीकडून फायदा. हे गणित मला त्या खिडकीवरून परत येताना बसमध्ये कळलं. आधी कळलं नाही. आधी मी फक्त एवढंच पाहत होते की नोकरी आहे, महिन्याला काही तरी पडतं, घरी पाठवता येतं.

कामगार विमा गेला, तर सरकारी योजना होती. रेशनकार्डावरची. त्या योजनेत कार्डाचा रंग पाहतात. आता म्हणतात सगळ्यांनाच देणार. अजून लागू नाही. घराचं उत्पन्न कमी असेल तर पिवळं किंवा केसरी कार्ड, आणि ऑपरेशन त्यावर. मी मायला फोन लावला. "आपलं कार्ड घेऊन ये," म्हटलं.

ती म्हणाली, "ते त बदललं वो बाई."

झालं असं होतं. कार्ड तपासणीला माणूस गावात आला होता. घरोघर जाऊन विचारत होता, घरात कमावतं कोण, किती. लोक अशा वेळी कमी सांगतात. जो तो कमीच सांगतो, सोन्याची दुकानं असलेलेही. माझ्या मायनं त्याला खाट टाकून बसवलं. चहा केला. आणि सांगितलं, "लिहा साहेब. माही पोरगी केमिस्ट हाय. आता आमी गरिबीतले नाई." स्लिपवरचा आकडा तिला तोंडपाठ होता. तो तिनं सांगितला. त्यानं लिहून घेतला, आणि आमचं केसरी कार्ड पांढरं झालं. बाबा मागं जाळं विणत बसले होते.

जन्मभर ज्या बाईला लोकांनी "ए मासोळीवाली, बाजूनं बस, वास येते" म्हणून हाकललं, तिला एक दिवस असं सांगावंसं वाटलं. मी तिला काय बोलू?

म्हणजे एका घरात एक पोरगी पगारावर लागली, आणि अख्खं घर कागदावर श्रीमंत झालं. मायचं टोपलं तेच. बाबांचं फाटकं जाळं तेच. माझी छाती तीच, दोन डबे चढले की धपापणारी. खाजगी पॉलिसीवाल्याकडेही गेले. तो टाय घातलेला पोरगा फार गोड बोलला. हप्ता सांगितला. मग आजार विचारला. झडप म्हटल्यावर फाइल मिटली. "आधीचा आजार आहे ना मॅडम, तो इतक्यात बसणार नाही. पण बाकी सगळं कव्हर होते." बाकी मला काही झालेलंच नव्हतं.

मी मुकादमाकडे गेले. "भाऊ, माझं विम्याचं कार्ड बंद झालं. हातात पडते तेवढाच पगार कागदावर दाखवा ना."

तो खुर्चीवर मागं रेलला. "तुले पगार जास्त दाखवला तरी तरास, कमी दाखवला तरी तरास. लोकं पगार वाढव म्हणून रडतेत, अन् हे कमी कर म्हणून रडून राह्यली."

शेडमधली पोरं हसली. मी उभीच होते.

"मले ऑपरेशन करायचं आहे."

"काहाचं?"

"हृदयाचं."

तो खुर्चीत सरळ बसला. वाईट माणूस नव्हता तो, म्हणजे घरी नसावा. म्हणाला, "साहेबायच्या कानावर टाकतो. साहेब दिलदार हायेत."

साहेब म्हणजे ठेकेदार. साहेबांनी खरंच निरोप पाठवला. चंद्रपूरला एका सभागृहात त्यांच्या कंपनीचा कामगार सन्मान सोहळा होता. तिथं मला ऑपरेशनचा खर्च देणार. पूर्ण. नागपूरच्या दवाखान्याशी ते स्वतः बोलणार.

मायला कळवलं. फोनवर ती रडली. "देव माणूस हाय," म्हणाली.

मीही आनंदले होते. खोटं कशाला लिहू? छातीतलं ते धडधडणं जाणार, याचा आनंद कसा होणार नाही? मी रात्री झोपताना उश्या रचून बसून झोपायची. आडवं झालं की दम कोंडायचा. भाड्याच्या खोलीत भिंत वाजवली तरी ऐकायला शेजारी कोणी नव्हतं. काही झालं तर सकाळी कोणाला कळणार, याचा विचार मी रोज करायची आणि रोज ढकलून द्यायची.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी मुकादमाचा फोन. "साडी घालून ये. साधी. ते पंजाबी ड्रेस नको. अन् चष्मा काढून ठेव."

"चष्मा काऊन?"

"फोटो चांगला नाई येत. मास्तरीण दिसते तू. गरीब दिसली पाहिजे ना बापा."

मी साडी घातली. सुती, मायची. चष्मा पर्समध्ये ठेवला. माय आणि बाबा गावाहून एसटीनं आले होते. माय पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसली, पूर्ण नाही बसली. बाबा भिंतीला टेकून उभे. त्यांना बसा म्हटलं तर "राहू दे, इथीच बरं हाय" म्हणाले.

स्टेजवर दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक होता. त्यावर माझं नाव, आणि नावाच्या आधी 'गरजू'. सूत्रसंचालन करणारी बाई वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या कुठल्या तरी मोठ्या साहेबांची मिसेस होती. माइकवर म्हणाली, "मासेमारी करणाऱ्या एका मागास, गरीब कुटुंबातली ही मुलगी. आज आपल्या सरांच्या रूपानं तिच्या हृदयाला नवा ठोका मिळतोय." टाळ्या झाल्या. चष्मा नसल्यामुळे मला खालचे चेहरे नीट दिसत नव्हते. नुसते डाग दिसत होते, टाळ्या वाजवणारे.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा सरांकडे वळा. थोडं वाका. हां. हात जोडा. डोळ्यात पाणी आलं तर चालेल."

मी वाकले.

हे लिहायला मला फार दिवस लागले. पण मी वाकले होते. कंबरेतून. माझा हात चेकच्या कडेला लागला, पुठ्ठा ओला वाटला. माझ्याच हाताचा घाम.

आणि त्याच वेळी मला आमचं तळं आठवलं. काही मोठा विचार म्हणून नाही आठवलं, नुसतंच दिसलं. आमच्याकडे उन्हाळ्याच्या आधी तळं ओढतात, म्हणजे जाळं फिरवून सगळी मासोळी काढतात. सगळा मोहल्ला पाण्यात असतो. मासोळी काठावर आली की जमिनीवर वाटे लावतात. जितकी घरं तितके ढिगारे. ज्याचा पाय मोडला आहे, जी बाळंतीण आहे, जी रांडमुंड म्हातारी पाण्यात उतरू शकत नाही, त्याचाही, तिचाही ढिगारा तिथं असतोच. इतरांएवढाच. कोणी तो तिच्या घरी नेऊन देतो, दारात ठेवतो, "तुया वाटा" म्हणतो आणि निघून येतो. त्या म्हातारीला कधी कोणी हात जोडायला लावले नाहीत. तळं सगळ्यांचं, तर मासोळी सगळ्यांची. इतकं साधं.

इथं मासोळी आमची होती. वाटा घालणारा मात्र फोटो काढून घेत होता.

त्या पुठ्ठ्यावर जे लिहिलं होतं ते कुठून आलं होतं? टपरीमागून. शेवंतामावशीकडून, जी वॅगनखाली सांडलेला कोळसा झाडते. माझ्याकडून. माझं कार्ड ज्यामुळे बंद झालं, त्याच पैशानं मला दान चाललं होतं.

सूत्रसंचालनवाल्या बाईनं माइक माझ्या तोंडासमोर धरला. "दोन शब्द. आभाराचे."

मी पर्समधून चष्मा काढला आणि घातला. चेहरे दिसले. मुकादम कोपऱ्यात मान हलवून नको नको करत होता.

मी म्हटलं, "हे पैसे आमचे आहेत. पगार झाला की टपरीमागं आमच्याकडून वापस घेता ते. कागदावर जास्त पगार दाखवता म्हणून माझा विमा बंद झाला. एक तर कागदावरचा पगार हातात द्या, नाही तर हातातला पगार कागदावर लिहा. मदत नको."

बस, एवढंच. मोठं भाषण नव्हतं. मधेच माइक बंद झाला होता, शेवटचं 'मदत नको' स्टेजवरच्यांनीच ऐकलं असेल. ठेकेदार हसत होता. तसाच हसत राहिला. मला हळूच म्हणाला, "बेटा, तुझी तब्येत ठीक नाहीये." कोणी तरी मला दंडाला धरून बाजूला नेलं. गाणं लावलं. पुढचा सत्कार सुरू झाला.

माझी माय धावत आली. "काऊन केलं वो बाई असं? काऊन केलं?" तिनं माझा हात धरला नाही. स्वतःचं कपाळ धरलं. "देऊन राह्यले होते ना. आपल्या हातानं देऊन राह्यले होते."

"माय, ते आपलेच..."

"आपले असो का कोणाचे असो! तू जगली असती."

आम्ही सभागृहाबाहेर पडलो.

एसटी स्टँडपर्यंत ती माझ्यापुढे चालली. तिला माहीत होतं मी भरभर चालू शकत नाही. तरी चालली. बाबा मधे, तिच्या मागं आणि माझ्या पुढं, कधी थांबत, कधी चालत. बस लागली तेव्हा त्यांनी पिशवीतून सुकवलेल्या मासोळीची पुडी काढून माझ्या हातात दिली. "भाजून खा," म्हणाले. बस गेली.

दुसऱ्या दिवशी माझा गेटपास चालला नाही. गेटवरचा शिपाई रोज "या मॅडम" म्हणायचा. त्या दिवशी त्यानं दुसरीकडे पाहिलं. कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यातून मला काढलं. कोणी काढलं ते दिसतं त्यात. शेवंतामावशीच्या पोरानं काढलं होतं.

मी तिच्या घरी गेले. तिचं विम्याचं कार्डही बंद झालं होतं. तिच्या नवऱ्याला क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. मला वाटलं होतं, ती तरी बोलेल. तिनं दारातच पाणी दिलं, आत बोलावलं नाही.

"मावशी, तक्रार करायची आहे. सही करता का?"

"नाई बापा."

"तुमचंही कार्ड गेलं ना?"

"कार्ड गेलं, काम त हाय." तिनं रिकामा गिलास हातातून घेतला. "तू शिकेल हायस. तुले दुसरं काम भेटन. आमाले कोण ठेवन? तू स्टेजवर बोलली अन् मोकळी झाली. आमची वापसी आता टपरीमागं नाई होत, मुकादमाच्या घरी जाऊन द्यावं लागते. दोन कोस दूर. तुयामुळं."

ती खोटं बोलत नव्हती. मी खाली उतरले. वस्तीत सगळ्या बाया दारात उभ्या होत्या. एकीनंही नाव घेऊन हाक मारली नाही. मी नळाच्या ओट्यावर बसले, दम खायला. नळावरच्या बाईनं तिची घागर उचलून बाजूला घेतली. शिवाशिव नव्हती ती. भीती होती. पण हात मागं घ्यायची ती लकब मी ओळखते. लहानपणापासून ओळखते.

मला वाटायचं, खरं बोललं की माणसं आजूबाजूला जमा होतात. भाषणांत असंच असतं. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी दोनदा बक्षीस घेतलं आहे, तिथंही असंच होतं. प्रत्यक्षात खरं बोललं की आजूबाजूला जागा रिकामी होते. इतकी रिकामी की स्वतःचा ठोका ऐकू येतो. माझा तर तसाही ऐकू येतो.

तक्रार मी एकटीनं केली. कामगार कार्यालयात. बँकेचं पासबुक जोडलं. त्यात काय दिसणार? पगार आला, पगार काढला. कोणाला दिला ते बँक सांगत नाही. तिथले अधिकारी नीट बोलले. "पुरावा?" म्हणाले. मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "तुम्ही तक्रारदार. साक्षीदार कोण?" मी म्हटलं, "सध्या तरी मीच."

माय दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मी घरी गेले की ताट वाढायची, समोर बसायची नाही. बाजारात बाया तिला विचारत, पोरीचं ऑपरेशन झालं का. ती म्हणायची, झालं. हे मला भावाकडून कळलं. ती बाजारात माझं ऑपरेशन झाल्याचं सांगत होती.

एकदा मी चुलीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "माय, बोल ना."

ती मासोळीची खवलं काढत होती. न पाहताच म्हणाली, "मी त्या कार्डवाल्याले खरंच सांगतलं होतं. मले वाटलं, खरं सांगाव." विळीवर हात थांबला. "तुनंही खरंच सांगतलं. दोघीचंही पाणी झालं."

मग खवलं काढायला लागली. जेवताना मात्र समोर बसली.

कार्ड पुन्हा केसरी करून घ्यायला मी तहसीलमध्ये अर्ज केला आहे. बिनपगारी आहे आता, म्हणजे नियमानं घर पुन्हा गरीब झालं पाहिजे. तिथल्या बाबूनं मागच्या वर्षाचं उत्पन्न काढलं. मागच्या वर्षी मी कागदावर श्रीमंत होते. "पुढच्या वर्षी या," म्हणाला. मी सध्या शिकवण्या घेते, दहावीच्या पोरांच्या. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, त्या घेते. पायावर सूज असते. डॉक्टर विचारतात, "काय ठरलं?" मी म्हणते, "चालू आहे सर." ते मान हलवतात. ते मान हलवणं मला आवडत नाही.

तक्रारीच्या गेल्या तारखेला ठेकेदाराचा वकील कार्यालयाच्या व्हरांड्यात भेटला. तरुण होता, माझ्याच वयाचा. माझ्यासारखाच कुठल्या तरी गावातून शिकून आलेला वाटला. कागद तयार करून आणला होता. ऑपरेशनचा पूर्ण खर्च, वरून सहा महिन्यांचा पगार. मला फक्त एवढंच लिहून द्यायचं होतं की वापसी नावाचा प्रकार नव्हता, माझा गैरसमज झाला, पगार कागदावर होता तेवढाच मला मिळत होता.

"ताई," तो म्हणाला, "हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. जीव आहे तर लढाई."

मी कागद दोनदा वाचला. भाषा स्वच्छ होती. त्या भाषेत शेवंतामावशीचं कार्ड कायमचं बंद होत होतं, आणि माझ्या जागी फावडं घेतलेल्या नव्या पोरीचंही. मी खोटी ठरत होते, ते तर वेगळंच. पण खरं सांगते, सगळ्यात आधी मला माझीच छाती आठवली. एक सही. आठ दिवसांत नागपूर. आडवं होऊन झोपता येईल.

त्यानं पेन उघडून दिलं. मी ते हातात घेतलं. किती वेळ धरून होते ते माहीत नाही. शेजारच्या बाकावर एक म्हातारा डबा खात होता, त्याचा डबा संपला.

मग मी पेनाचं टोपण लावलं आणि वकिलाच्या खिशाला लावून दिलं.

"मले जगायचं आहे, भाऊ," मी म्हटलं. "लई जगायचं आहे. पण मले दान म्हणून नको. माझं कार्ड चालू करा. माझं अन् बाकीच्यायचं."

"बाकीचे तर तुमच्यासोबत नाहीत."

"माहीत आहे."

त्यानं कागद घडी करून ठेवला.

पुढच्या तारखेला मला पुन्हा जायचं आहे. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. मी पहिल्या वळणावर बसते, मग दुसऱ्या. लोक अंगावरून वर जातात. एकदा कोणी तरी माझ्या पुढ्यात नाणं टाकून गेलं, भिकारी समजून. मी ते उचलून त्याच्या मागं हाक मारली, "ओ भाऊ, तुमचं पडलं." तो खाली आला, नाणं घेऊन गेला, माझ्याकडे न पाहता.

माझ्यासोबत कोणी नाही. येईल असंही मी आता धरून चालत नाही. साक्षीदार म्हणून मी माझंच नाव लिहिलं आहे, आणि जोवर ही छाती चालते तोवर ते खोडणार नाही. बोलावलं की जिना चढेन. दम लागला तर पायरीवर बसेन. उठेन ती वरच्या पायरीसाठीच.